ज्युलियस रोझेनवाल्ड आणि पाच हजार शाळा

स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापताना मोठी रक्कम वर आणि अकरा रुपयेवाले खाली, असा आपला रिवाज आहे. अमेरिकेतील एका दानशूर व्यापाऱ्याचे चरित्र वाचताना ही यादी उलटी छापावी असे मला वाटू लागले.

ज्युलियस रोझेनवाल्ड (१८६२-१९३२) हे जर्मनीतून आलेल्या ज्यू कापडविक्रेत्याचे चिरंजीव. शिक्षण अर्धवट सोडून ते तयार कपड्यांच्या धंद्यात पडले आणि पुढे टपालाने माल विकणाऱ्या शिकागोच्या सीअर्स रोबक कंपनीचे अध्यक्ष झाले. १९११ साली त्यांची गाठ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी पडली. वॉशिंग्टन गुलामीत जन्मलेले, टस्कीगी शिक्षणसंस्थेचे प्रमुख. १९१२ मध्ये रोझेनवाल्ड यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यातून उरलेल्या पैशात वॉशिंग्टन यांनी खेड्यापाड्यांतील कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा शाळा बांधवल्या. आपले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तोच हा काळ.

१९१७ साली रोझेनवाल्ड फंड स्थापन झाला. १९३२ पर्यंत दक्षिणेतील १५ राज्यांत पाच हजारांवर शाळा उभ्या राहिल्या. अट एकच होती, गावाने आपला वाटा उचलावा आणि सरकारनेही पैसे द्यावेत. शेतमजुरांनी कापसाचा एखादा तुकडा शाळेच्या नावाने राखला, लाकूड दिले, अंगमेहनत केली. हिशेब झाला तेव्हा फंडाचे सुमारे ४४ लाख डॉलर, तर कृष्णवर्णीय जनतेचे सुमारे ४७ लाख! खरे तर हे लोक करही भरीत होते. गोऱ्यांची शिक्षणमंडळे तो पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे वळवीत. म्हणजे गरिबाने एकाच शाळेसाठी दोनदा पैसे मोजले. या अटीवर टीका झाली ती मला रास्त वाटते.

मुद्दलाला हात लावू नये, हे आम्हा बँकवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेले. रोझेनवाल्ड यांनी नेमके उलट सांगितले: माझ्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत सर्व रक्कम खर्च करा. १९४८ मध्ये फंड रीतसर बंद झाला. तोवर अनेक लेखक-संशोधकांना त्याने हात दिला होता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस त्यांपैकीच एक.

१९५४ च्या निकालाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला आणि पुढे या शाळा एकेक करून बंद पडल्या. काहींची डागडुजी आता तिथलेच जुने विद्यार्थी वर्गणी काढून करीत आहेत.