शयनगृहातील हवा आणि झोप

शयनगृहातील हवा ही संज्ञा झोपण्याच्या खोलीतील हवेचे घटक, तिचे तापमान, आर्द्रता आणि बाहेरील हवेशी होणारी तिची देवाणघेवाण यांसाठी वापरली जाते. प्रौढ माणूस आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश काळ झोपेत घालवतो. या काळात तो सलग सात-आठ तास एकाच खोलीतील हवा श्वासात घेतो आणि खोलीत बदल करण्याइतका सावध नसतो. त्यामुळे खोलीत धूर, ओल किंवा उच्छ्वासाची हवा साठल्यास तिचा परिणाम झोपेवर, दुसऱ्या दिवशीच्या कामावर आणि आजारातून बरे होण्यावर होऊ शकतो.

इतिहास

जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हे हवा शिळी झाल्याचे मोजमाप मानावे असे सुचवले. त्यांनी ठरवलेली एक हजार पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार भाग) ही मर्यादा आजही संदर्भासाठी वापरली जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकाचे पहिले प्रकरण वायुवीजन आणि ऊब यांवर आहे. रुग्णाला गारठा लागू न देता त्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणे, हे त्यांनी शुश्रूषेचे पहिले कर्तव्य मानले.

क्षयरोगावर औषध नव्हते त्या काळात मोकळी हवा व विश्रांती हाच मुख्य उपचार होता. महाराष्ट्रात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यानंतर अशा आरोग्यधामांची गरज हळूहळू कमी झाली. मात्र क्षयरुग्णाची खोली हवेशीर असावी हा सल्ला आजही कायम आहे, कारण बंद खोलीत रोगजंतू हवेत अधिक काळ तरंगत राहतात.

हवेतील घटक

कार्बन डायऑक्साइड : बाहेरच्या हवेत याचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम असते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारणपणे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. अशा खोलीत दोन प्रौढ माणसे दारे-खिडक्या घट्ट लावून झोपली, तर तासाभरात प्रमाण ४२० वरून सुमारे ११०० पीपीएमपर्यंत जाते आणि पहाटेपर्यंत वाढतच राहते. फटींतून थोडी हवा बदलत असल्याने प्रत्यक्षातील वाढ काहीशी कमी असते. या पातळीवर हा वायू विषारी नसतो. परंतु खोलीतील हवा किती कमी बदलते हे त्यावरून कळते.

सूक्ष्म कण : अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. ते केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके असतात आणि फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारतातील २००९ च्या मानकानुसार ती ४० मायक्रोग्रॅम आहे. चूल, विडी-सिगारेट, धूप आणि डास पळवणारी कॉइल हे घरातील मुख्य स्रोत होत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले.

कार्बन मोनॉक्साइड : कोळसा किंवा लाकूड अर्धवट जळताना हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपलेली माणसे जागी न होताच दगावू शकतात.

ओल व बुरशी : पावसाळ्यात भिंती दमट राहिल्यास बुरशी आणि अंथरुणातील धूळकिडे वाढतात. दमा व अॅलर्जी असणाऱ्यांना त्यांचा त्रास अधिक होतो.

झोपेवरील परिणाम

डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ मध्ये वसतिगृहातील विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात खोलीत आवाज न करणारा पंखा बसवून बाहेरची हवा आत घेण्यात आली. तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे सरासरी प्रमाण ८३५ पीपीएम होते. हवा बदलली जात नसताना ते २३९५ पीपीएम होते. हवा बदललेल्या रात्रींत मनगटावरील यंत्राने मोजलेली झोप अधिक चांगली आढळली. दुसऱ्या दिवशी पेंग कमी होती आणि तर्कशक्तीच्या चाचणीतील गुणही सुधारले.

अमेरिकेतील सहा शहरांतील सुमारे दोन हजार व्यक्तींच्या २०१९ मधील अभ्यासात, बाहेरील हवेत पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमने जास्त असेल तेथे झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची शक्यता ६० टक्के अधिक आढळली. धुरामुळे नाक व घसा यांच्या आतील अस्तराला सूज येते, श्वासमार्ग अरुंद होतो आणि झोप वारंवार मोडते, असे यामागील एक कारण मानले जाते. झोप मोडली की गाढ झोपेचा काळ कमी होतो. शरीराची झीज भरून काढणारे वृद्धिसंप्रेरक मुख्यतः याच काळात स्रवते.

मावळातील घरे

पुणे जिल्ह्यातील राजगड (पूर्वीचा वेल्हे) व भोर हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत आहेत. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विंझर हे त्यांपैकी एक गाव. भरपूर पाऊस आणि थंडीत पहाटेचा गारठा यांमुळे या भागात वर्षातील बराच काळ दारे-खिडक्या लावून झोपण्याची रीत आहे.

सह्याद्रीच्या या पट्ट्यातील जुन्या घराचे छप्पर कौलारू असे, तर भिंती दगड-मातीच्या किंवा कारवीच्या कुडाच्या असत. चूल घरातच असे आणि पुष्कळदा गोठाही त्याच छपराखाली असे. पावसाळ्यात ओलसर सरपण व गोवऱ्या यांचा धूर घरभर पसरे. तथापि कौलांमधील फटींतून धूर आणि उच्छ्वासाची हवा वर निघून जाई. म्हणजे या घरात हवा दूषित होण्याचे कारण होते, तशीच ती बाहेर पडण्याची वाटही होती.

सिमेंटच्या स्लॅबच्या घरात गळती थांबते, पण फटीही नाहीशा होतात. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण घरांत गॅस मोठ्या प्रमाणावर पोहोचला. तरीही आंघोळीचे पाणी तापवणे, भाकरी भाजणे यांसाठी अनेक ठिकाणी चूल चालू राहते. तिच्या जोडीला कॉइल आली, तर घट्ट बंद होणाऱ्या नव्या खोलीत थोडा धूरही रात्रभर साठून राहतो. म्हणून इंधन बदलण्याइतकेच हवेला वाट ठेवणे महत्त्वाचे ठरते.

पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनमधील पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मधील लेखात, धूम्रपान न करणाऱ्यांमधील दीर्घकालीन श्वसनरोगाकडे लक्ष वेधले. जगात तंबाखू ओढणारे सुमारे एक अब्ज, तर जैवइंधनाच्या धुरात राहणारे सुमारे तीन अब्ज असल्याने हा धूरच या रोगाचे सर्वांत मोठे कारण असू शकेल, असे त्यांनी मांडले.

आजारपण आणि बाळंतपण

रुग्णाला ‘वारा लागू नये’ म्हणून आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक घरांत आढळते. बाळंतिणीच्या खोलीतही ऊब राहावी म्हणून दार-खिडकी लावून शेगडीचा शेक देतात आणि बाळाला ओवा, वावडिंग इत्यादींची धुरी देतात. यामागील हेतू काळजीचा असला, तरी निखाऱ्यांचा वायू आणि धूर त्याच बंद खोलीत साठतो. नवजात बालकाची फुप्फुसे पूर्ण विकसित झालेली नसतात आणि प्रौढांच्या मानाने त्याच्या श्वासाची गती अधिक असते. त्यामुळे त्याला धोका जास्त असतो. ऊब राखण्यासाठी अंगावरील पांघरूण वाढवणे व हवेच्या येण्या-जाण्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात.

उपाय

समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी व दारावरील झरोका, थोडे उघडे ठेवल्यास हवा खेळती राहते. थंडीत झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे खोली उघडी ठेवणे उपयोगी असते. मात्र दार लावल्यावर कार्बन डायऑक्साइड पुन्हा वाढू लागतो. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी व खिडकीला जाळी वापरल्यास धूर होत नाही. चूल झोपण्याच्या खोलीपासून वेगळी असावी व तिला धुराडे असावे. झोपण्याच्या खोलीत पेटती शेगडी ठेवू नये. ओले कपडे तेथे वाळत घालणे टाळावे आणि अंथरूण-पांघरुणाला अधूनमधून ऊन द्यावे.

शहरात रहदारीच्या रस्त्यालगत किंवा कचरा जाळला जात असेल तेथे खिडकी उघडल्याने बाहेरील कण आत येतात. अशा ठिकाणी प्रदूषण कमी असलेल्या वेळी हवा बदलणे व हवा शुद्ध करणारे यंत्र वापरणे हा पर्याय असतो. हे यंत्र कण गाळते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. कुंडीतील झाडांचाही त्या कामी लक्षणीय उपयोग होत नाही.

संशोधनाच्या मर्यादा

झोप आणि हवा यांविषयीचे प्रयोग बहुतेक थंड देशांत व थोड्या व्यक्तींवर झाले आहेत. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडबरोबर उष्णता, दमटपणा व वासही वाढतात. त्यामुळे झोप बिघडण्यात नेमका कोणाचा वाटा किती, हे वेगळे करणे कठीण जाते. धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे दुष्परिणाम मात्र निर्विवाद मानले जातात.