हाडाला ओझं कळतं

 

आज आपण हाडांबद्दल बोलू. हाड म्हणजे घराच्या खांबासारखं, एकदा उभं राहिलं की राहिलं, असं आपल्याला वाटतं. पण खांबाचं लाकूड मेलेलं असतं, हाड मात्र जिवंत असतं. त्यात पेशी असतात. पेशी म्हणजे शरीराचा डोळ्यांना न दिसणारा बारीक जिवंत कण. या पेशींना ओझं कळतं.

कोयता धरून धरून तळहाताला घट्टे पडतात, हे आपण बघतोच. जिथे दाब पडतो, तिथली कातडी जाड होते. हाडही भार ओळखून स्वतःला घट्ट करतं. ते आत असतं म्हणून दिसत नाही, एवढंच.

हे कसं घडतं? हाडात बारीक पोकळ्या असतात. एकेका पोकळीत एकेक पेशी बसलेली असते. तिचे धाग्यासारखे हात बारीक नळ्यांतून शेजारणीपर्यंत पोचलेले असतात. नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. आपण चढण चढलो, मोळी उचलली, की हाड अगदी किंचित वाकतं. तेवढ्यानेही द्रव हलतो आणि पेशीवर ताण येतो. पेशीच्या पापुद्र्यात चिमुकली दारं असतात. ताण पडला की ती उघडतात आणि निरोप जातो, ‘इथे भार आहे, इथे भर घाला.’ मग हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. भारच आला नाही, तर हाड कुरतडणाऱ्या पेशी वरचढ होतात आणि हाड विरळ होत जातं.

आपल्या तालुक्यातलं तानसा धरण १८९२ साली झालं. त्याच साली जर्मनीत युलिउस वोल्फ नावाच्या डॉक्टरांनी पुस्तक लिहिलं, की हाड भारानुसार आपली घडण बदलतं. पण पेशीला दाब कळतो कसा, हे कोडं पुढे शंभरावर वर्षं राहिलं. २०१० मध्ये अमेरिकेत आर्डेम पॅटापुटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दार शोधलं. त्यांनी पेशीला बारीक टोकाने टोचून पाहिलं आणि संशयातले ७२ जनुक एकामागून एक बंद केले. शेवटी एक जनुक असं सापडलं, की ते बंद केल्यावर पेशीला टोचलेलं कळेना. या दाराचं नाव पिएझो. पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. लेकराचा स्पर्श कळतो, लघवीची पिशवी भरलेली कळते, तेही अशाच दारांमुळे.

कोणी म्हणेल, मग हंडे वाहिलेले चांगलेच की! तसं नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचं वजन. हाडाला रक्त मिळतं, म्हणून ते डागडुजी करू शकतं. मणक्यांमधल्या गाद्यांना रक्त जवळजवळ मिळत नाही. त्या एकदा झिजल्या की सहज भरून येत नाहीत. शहापूरच्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात. तेव्हा दारात नळ मागणं हा आळस नव्हे, मानेची आणि कंबरेची राखण आहे.

दुसरी चूक याच्या उलट. पाळी गेल्यावर हाडं वेगाने विरळ होऊ लागतात. आजी पडली, की घरचे प्रेमाने म्हणतात, ‘आता पडून राहा.’ अंतराळात वजन जाणवत नाही, तिथे धडधाकट माणसाच्या खुब्याचं हाडही महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. मग खाटेवरच्या आजीचं काय होत असेल? म्हणून डॉक्टरांना विचारा, ‘हिला कधी उठवायचं, कधी चालवायचं?’ त्यांनी सांगितलं की धरून का होईना, चालवा.

गटाने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, चालणं आणि उठबस म्हातारपणीही सोडू नका. दोन, ओझं दोन खेपांत विभागा, मध्ये विसावा घ्या. तीन, निरोप मिळाला तरी बांधायला माल लागतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असतं. तो अंगी लागायला ऊन हवं, सोबत डाळ, सुकट, अंडी हवीत. वयात येणाऱ्या मुलींच्या ताटात हे आधी वाढा. हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंतच भरतो, आणि तोच पुढे आयुष्यभर पुरवायचा असतो.

पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, आपल्या पाड्यावर कोणती आजी पडून आहे? तिच्या घरी दोघी जाऊन या.