प्रवाहाच्या घर्षणाने रुंदावणाऱ्या रक्तवाहिन्या

स्नायू काम करू लागले की त्यांतील धमनिका, म्हणजे केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक धमन्या, प्रथम स्थानिक रासायनिक बदलांमुळे रुंदावतात. त्यामुळे वाढलेला प्रवाह मग त्यांना रक्त पुरवणाऱ्या वरच्या वाहिन्यांनाही रुंद व्हायला लावतो, आणि हा दुसरा टप्पाच अधिक कुतूहलाचा आहे. वाहिनीच्या आतून पेशींचा एकेरी थर असतो, त्यास अंतःस्तर म्हणतात. त्यावरून रक्त घासत जाताना पडणारा ताण वाढला की तेथील एक विकर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात तयार करते. मोटारींच्या धुरात आढळणारा हा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, हे सहजी पटण्यासारखे नव्हतेच. रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये अंतःस्तराचे महत्त्व दाखवले तेव्हा त्यातून स्रवणाऱ्या द्रव्याची ओळख पटायची होती; ते नायट्रिक ऑक्साइडच असल्याचे पुढे कळले. 1998 चे नोबेल पारितोषिक त्यांना लुई इग्नारो व फेरिड मुराद यांच्यासह मिळाले. हा वायू लगतच्या स्नायुपेशींत शिरून त्यांना सैल करतो आणि काही सेकंदांतच नष्ट होतो. प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने त्रिज्या सुमारे 19 टक्के वाढली तरी तो निम्म्यावर येतो. शिवाय वाहिनी रुंदावली की घर्षणाचा ताणही उतरतो, म्हणून हे रुंदावणे आपोआपच आवरले जाते.