मेंदूतल्या स्टेम सेलचा ‘ब्रेक’ कोणाच्या हातात? इंजेक्शनसाठी पैसे भरण्याआधी हे वाचा

लकवा, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, म्हातारपणचा विसराळूपणा... सगळ्यांवर एकच उपाय, ‘स्टेम सेल’! अशा जाहिराती मोबाईलवर फिरत असतात. इंजेक्शन दिलं की मेंदूत नव्या पेशी तयार होतात, असा दावा असतो. खर्च लाखांत सांगितला जातो. घरात आजारी लेकरू असेल तर माणूस जमीन विकायलाही तयार होतो. म्हणून या पेशी नेमक्या काय आहेत आणि त्यांच्यावर हुकूम कुणाचा चालतो, हे समजून घेऊ.

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. तिच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत नवी पेशी होतच नाही, असं डॉक्टर वर्षानुवर्षं शिकवत होते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जोसेफ आल्टमन यांनी १९६०च्या दशकात मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दाखवल्या, पण तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९९८ मध्ये माणसाच्या मेंदूतही त्या सापडल्याचं जाहीर झालं. जागा कोणती? कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना असलेला हिप्पोकॅम्पस. आठवणी साठवायचं काम हाच भाग करतो. मोठ्या माणसात अशा पेशी किती बनतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. २०१८ मध्ये एका गटाने ‘जवळजवळ नाहीतच’ म्हटलं, तर दुसऱ्याने ‘म्हातारपणीही बनतात’ म्हटलं. उंदरांबद्दल मात्र वाद नाही, आणि पुढची बरीचशी माहिती उंदरांवरच्या प्रयोगांतून आली आहे.

गंमत अशी की यातल्या बहुतेक मूळपेशी झोपलेल्या असतात. त्यांना झोपवून ठेवतात ती आपलीच जनुकं, म्हणजे जीन्स.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेलं बियाणं आपण एकदम पेरत नाही. तसंच इथं आहे. ‘नॉच’ नावाचं एक जनुक आहे. नॉच म्हणजे खाच. ते बिघडलं की फळमाशीच्या पंखाला खाच पडते, त्यावरून हे नाव पडलं. शेजारची पेशी चिकटून असली की तिच्याकडून नॉचला इशारा मिळतो. मग नॉच ‘हेस’ जनुकं चालू करतं आणि हेस ‘एएससीएल-१’ला दाबून ठेवतं. हे एएससीएल-१ म्हणजे पेशीला उठवणारं जनुक. दाब कमी झाला की पेशी जागी होते, तिचे दोन भाग होतात आणि पुढे त्यातून चेतापेशी घडते. काम झाल्यावर काही पेशी पुन्हा झोपतात. त्यासाठी ‘ह्यूवे-१’ नावाचं जनुक उरलेलं एएससीएल-१चं प्रथिन मोडायला लावतं.

हा ब्रेक काढला तर? शास्त्रज्ञांनी उंदरांत नॉचचं काम बंद पाडून बघितलं. सुरुवातीला नव्या चेतापेशींचं पीक जोरात आलं. काही महिन्यांत मात्र मूळपेशींचा साठाच संपला. बियाणंच उरलं नाही, मग पुढचं पीक कुठून येणार?

म्हणजे मेंदूत पेशी ‘वाढवणं’ हा खरा प्रश्नच नाही. कधी उठायचं, कुठं जायचं, काय व्हायचं आणि कधी थांबायचं, हे सगळं ठरावं लागतं. बाहेरून टोचलेल्या पेशीला हे कोण सांगणार? थांबायचं कळलं नाही तर गाठ होते.

असं घडलेलंही आहे. इस्रायलमधल्या एका मुलाला मेंदूचा आनुवंशिक आजार होता. मॉस्कोत त्याच्या मेंदूत गर्भातून घेतलेल्या चेतामूळपेशी टोचल्या. पहिल्या इंजेक्शनला चार वर्षं झाली आणि त्याच्या मेंदूत व मणक्यात गाठी दिसल्या. तपासणीत त्या गाठीतल्या पेशी मुलाच्या नव्हत्या, बाहेरून दिलेल्या निघाल्या. २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

संशोधन चालू आहे, त्यातून उद्या काही चांगलं निघेलही. पण आज काय? आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो बदलतात, तो स्टेम सेलचाच मान्य उपचार आहे. मेंदूच्या आजारांवर मात्र स्टेम सेल फक्त मंजुरी असलेल्या चाचणीतच देता येतात. अशी चाचणी ‘सीटीआरआय’ या सरकारी वेबसाईटवर नोंदलेली असावी लागते आणि त्यात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कुणी आग्रह केला तर सरळ नोंदणी क्रमांक मागा आणि मोबाईलवरच तपासा. ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

मूल उशिरा बोलत असेल, चालत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या ‘डीईआयसी’ केंद्रात दाखवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि फिजिओथेरपी, स्पीच थेरपी तिथे मोफत असते. अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारलं तरी त्या नाव नोंदवून देतात.