समुद्रात भरकटलेल्या माणसाचा तग : शरीर व मन यांचा परस्परसंबंध

प्रास्ताविक : समुद्रात भरकटलेल्या माणसाच्या शरीराचे व मनाचे खचणे परस्परांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात अमेरिकन नौकारचनाकार स्टीव्हन कॅलाहन यांच्या अनुभवाच्या आधारे हा संबंध स्पष्ट केला आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये कॅनरी बेटांहून कॅरिबियनकडे एकट्याने जाताना त्यांची नौका अटलांटिक महासागरात बुडाली. पुढील ७६ दिवस त्यांनी हवेने फुगविलेल्या तराफ्यावर काढले.

शारीरिक पातळी : समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. ते शरीराबाहेर टाकण्यास प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्ची पडते. म्हणून कॅलाहन यांनी सौर उष्णतेवर चालणाऱ्या साधनाने दिवसाला जेमतेम अर्धा लिटर गोडे पाणी मिळविले व भाल्याने मासे मारले. तरीही त्यांचे वजन सुमारे एक तृतीयांशाने घटले.

मानसिक पातळी : सहा आठवड्यांनंतर तराफा फाटला. दुरुस्तीचे प्रयत्न अनेक दिवस फसल्याने ते पूर्णतः खचले. अखेर नव्या युक्तीने छिद्र बंद झाले. मनाने ते स्वतःच कप्तान व स्वतःच खलाशी होत. कप्तान पाण्याचा वाटा ठरवी, खलाशी तो निमूटपणे पाळी. रोजनिशी, व्यायाम व पेन्सिलींच्या साधनाने अक्षांशमापन हा नित्यक्रम होता.

निष्कर्ष : पाण्याअभावी बुद्धी मंदावते आणि खचलेले मन पाणी मिळविण्याचे कष्ट टाळते. हे दुष्टचक्र नित्यक्रमाने रोखून धरले. २१ एप्रिल १९८२ रोजी ग्वादेलूपनजीक मच्छीमारांनी त्यांची सुटका केली, तोवर त्यांचे धैर्य रोजच्या कामावरच तगून होते.