विश्लेषण : गाडीत सीबी आणि हॅम रेडिओ एकाच संचात घ्यावा का?

समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. कारंजा, शेलुबाजार आणि मालेगाव येथे त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. महामार्ग सोडून मानोरा किंवा रिसोडच्या आतल्या रस्त्याला लागले, की मोबाइलची रेंज काही ठिकाणी डळमळते. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत तर टॉवर समोर दिसत असूनही फोन लागेलच असे नाही, कारण एकाच वेळी हजारो लोक तोच प्रयत्न करत असतात. अशा वेळी गाडीत स्वतःचा रेडिओ असावा असे अनेकांना वाटते. इंटरनेटवर शोध घेतला की सीबी आणि हॅम हे दोन्ही एकाच डब्यात देणारे संच दिसतात. एका खर्चात दोन कामे, हा हिशेब वरवर पटणारा आहे. भारतातील नियम आणि वाशीमचे रस्ते पाहिले तर मात्र तो चुकतो.

सीबी आणि हॅममध्ये फरक काय?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. नावाप्रमाणे तो सामान्य नागरिकांसाठी आहे. भारतात २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमाल ५ वॅट ताकदीचा मान्यताप्राप्त संच वापरण्यास परवाना लागत नाही. परीक्षा नाही, कॉल साइन नाही. पण संरक्षणही नाही. दुसऱ्याच्या संचामुळे तुमच्या बोलण्यात अडथळा आला तर तक्रारीचा हक्क नाही, आणि तुमच्यामुळे दुसऱ्याला अडथळा झाला तर तुम्हालाच थांबावे लागते.

हॅम म्हणजे हौशी रेडिओ. यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो. बदल्यात बरेच पट्टे मिळतात. गाडीत वापरण्यासाठी त्यातले दोन सोयीचे आहेत: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, ज्याला हॅम मंडळी 'टू मीटर' म्हणतात, आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. लांबच्या संपर्कासाठी ७ किंवा १४ मेगाहर्ट्झसारखे खालचे पट्टे आहेत. हॅमवर धंद्याचे बोलणे चालत नाही. ट्रान्सपोर्ट मालकाने आपल्या ट्रकचालकांना माल कुठे उतरवायचा हे हॅमवर सांगणे नियमबाह्य आहे, मालकाकडे परवाना असला तरीही. अनेक खरेदीदारांचा बेत इथेच बारगळतो.

'टू इन वन' संचात गोम काय?

बाजारात एकत्रित म्हणून जे विकले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार २८ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यासाठी बनवलेला संच. आतली एखादी तार तोडली किंवा बटणांची विशिष्ट जुळणी दाबली, की तो २७ मेगाहर्ट्झवरही बोलू लागतो. दोन्ही पट्टे शेजारीच असल्याने हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दुसरा प्रकार महागड्या सर्व-पट्टा हॅम संचांचा. ते २७ मेगाहर्ट्झ ऐकू शकतात, पण तिथे बोलणे कारखान्यातच बंद केलेले असते. विक्रेता ते 'उघडून' देतो.

दोन्ही प्रकारांत अडचण तीच. परवानामुक्त सीबीची सवलत मान्यताप्राप्त, ५ वॅटच्या संचाला आहे. उघडलेला संच २५, ५० किंवा १०० वॅटचा असतो आणि त्याची मान्यता, असलीच तर, हॅमपुरती असते. म्हणजे हॅमचा परवाना खिशात असूनही त्या संचावरून सीबीवर बोलणे नियमात बसत नाही. परवाना नसलेल्याने असा संच बाळगणे तर आणखी धोक्याचे, कारण कारवाई बोलण्यापुरतीच होते असे नाही, संच जवळ ठेवण्यावरही होऊ शकते. उघडलेले व्हीएचएफ संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झवर कुठेही बोलतात. पोलीस, वन आणि इतर यंत्रणांचे वायरलेस याच भागात चालतात. चुकून त्यांच्या चॅनेलवर बटण दाबले गेले तर 'माहीत नव्हते' हे उत्तर पुरत नाही.

परदेशातून आणलेल्या साध्या सीबी संचातही एक खाच आहे. अमेरिकी संचावर ४० चॅनेल असतात आणि ती २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. भारताची मर्यादा २७.२८३ आहे. त्यामुळे १ ते २७ क्रमांकाची चॅनेल आपल्या पट्ट्यात बसतात. २८ वे चॅनेल २७.२८५ वर आहे, म्हणजे तेथून पुढचे सगळे बाहेर. संचावर बटण आहे म्हणून ते वापरता येते असे नाही.

वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच गोंधळामुळे. वारंवारिता आणि मान्यता न सांगता संच विकले जात होते. खरेदीपूर्वी विक्रेत्याला उपकरणाच्या मान्यतेचा क्रमांक, म्हणजे 'ईटीए', विचारावा. तो सांगता येत नसेल तर स्वस्तातला संच तिथेच ठेवलेला बरा.

पलीकडे उत्तर कोण देणार?

रेडिओ घेताना हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा आणि तोच सर्वांत शेवटी येतो. अमेरिकेत ट्रकचालक १९ क्रमांकाच्या चॅनेलवर एकमेकांशी बोलतात. चित्रपटांतून ते सर्वांनी पाहिले आहे. आपल्याकडे ट्रकचालकांमध्ये सीबीची अशी पद्धत रुजलीच नाही. समृद्धीवर सीबी लावून १९ वर साद घातली तर बहुधा फक्त खरखर ऐकू येईल.

म्हणून सीबीचा उपयोग आपलाच ताफा असेल तेव्हा. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर जैन, रिसोड या मार्गाने जिल्ह्यातून जाते. पुढे पाण्याचा टँकर, मागे औषधांची गाडी आणि मधे जेवणाचे सामान, अशा सेवेच्या तीन-चार गाड्यांत सीबी असेल तर तो खरोखर कामाचा. सोयाबीनच्या हंगामात एकाच मालकाची हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर वेगवेगळ्या शिवारांत असतात, तिथेही तसेच. गाडी ते गाडी साधारण पाच-सात किलोमीटर अंतर धरावे; मोकळ्या पठारावर थोडे जास्त, घाटाआड त्याहून कमी.

हॅमचे गणित निराळे. ५० वॅटचा टू मीटर संच गाडी ते गाडी पंधरा-वीस किलोमीटर सहज जातो. उंचावर रिपीटर, म्हणजे आवाज पकडून पुन्हा फेकणारे केंद्र, टप्प्यात असेल तर बरेच पुढे. पण तो टप्प्यात नसेल आणि जवळपास दुसरा परवानाधारकही नसेल, तर हा महागडा संच सीबीइतकाच मुका. खरेदीआधी नागपूर, अकोला, छत्रपती संभाजीनगर या भागातल्या हॅम मंडळींकडे चौकशी करणे हे दुकानात जाण्याहून महत्त्वाचे काम आहे.

हॅमची खरी ताकद खालच्या पट्ट्यांत दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात हॅम चालकांनी बाहेरच्या जगाशी संपर्काचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम चालकांचा एक गट योगायोगाने अंदमानातच होता. तिथून निघालेले निरोप पुढे कित्येक कुटुंबांपर्यंत पोहोचले. ७ मेगाहर्ट्झवर वाशीमहून मुंबई किंवा हैदराबाद गाठता येते, मधे एकही टॉवर नसताना. उलट २८ मेगाहर्ट्झवर, सूर्यावरील डागांचे चक्र जोरात असताना, गाडीतून युरोप ऐकू येतो आणि मंगरुळपीर येत नाही! लहरी वरच्या वातावरणावरून परतताना मधला पल्ला ओलांडून जातात, म्हणून हे घडते.

एक अँटेना दोघांना पुरतो का?

संच कोणता घ्यावा यावर लोक महिनोन्महिने चर्चा करतात आणि अँटेना दुकानदार देईल तो लावतात. प्रत्यक्षात पल्ला ठरवतो तो अँटेना. त्याची लांबी लहरीच्या लांबीशी बांधलेली असते. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटरची, म्हणून तिचा पाव लांबीचा अँटेना पावणेतीन मीटर होतो. टू मीटरसाठी हेच माप ५० सेंटिमीटर, जेमतेम दीड-पावणेदोन फूट. इतका फरक असलेल्या दोन पट्ट्यांना एकच काडी नीट पुरत नाही. तसे अँटेना विकले जातात, पण ते सीबीच्या बाजूला हमखास मार खातात.

बोलेरोसारख्या गाडीच्या टपावर पावणेतीन मीटरची काडी उभी केली तर जमिनीपासून उंची साडेचार मीटरवर जाते. गावरस्त्यावरच्या बाभळीच्या फांद्या एकवेळ परवडल्या. शेतावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा परवडत नाहीत. म्हणून सीबीसाठी गुंडाळी असलेला, मीटर-दीड मीटरचा आखूड अँटेना बरा. थोडा पल्ला जातो, जीव जात नाही. संचासोबत कोणता अँटेना मंजूर आहे ही अटही आधी वाचून घ्यावी.

अँटेना लोखंडी टपाच्या मधोमध सर्वांत चांगला चालतो, कारण खालचा पत्रा त्याचा अर्धा भाग बनतो. सनरूफ किंवा फायबरचे टप असेल तिथे हा आधार मिळत नाही. चुंबकाचे बूड सोपे, पण त्याखाली मुरमाची धूळ अडकली की रंग खरवडतो. आठवड्यातून एकदा उचलून पुसावे. दोन अँटेना असतील तर त्यांत शक्य तितके अंतर ठेवावे आणि एका संचावर बोलताना दुसऱ्याचे बटण दाबू नये. लावून झाल्यावर एसडब्ल्यूआर मीटरने तपासणी करावीच. आकडा दीडच्या आत असेल तर उत्तम. तीनच्या वर असेल तर बोलूच नये, संचाचा शेवटचा टप्पा जळू शकतो. मृगाच्या सुरुवातीला विजा कडाडत असताना उघड्या माळावर उंच काडी उभी ठेवून गाडीत बसणे शहाणपणाचे नाही. ती उतरवून ठेवावी.

बॅटरीची जोडणी

सीबी संच जेमतेम दोन अँपिअर ओढतो, तो लायटरच्या सॉकेटवर चालतो. ५० वॅटचा हॅम संच बोलताना दहा-बारा अँपिअर घेतो. त्याला थेट बॅटरीपासून जाड तार आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. लायटरच्या सॉकेटवर लावला तर वायर तापते. ट्रक आणि बसची बॅटरी यंत्रणा २४ व्होल्टची असते, तर हे संच १३.८ व्होल्टचे. मधे कन्व्हर्टर न घालता जोडणी केली की संच कायमचा गेला. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढण्याचा जुगाड अनेक गॅरेजवाले सुचवतात. त्याने ती बॅटरी लवकर बसते.

सीबीवर अखंड शिट्टी ऐकू येते आणि गाडीचा वेग वाढला की तीही चढते, तेव्हा दोष आल्टरनेटरचा असतो. नुसती खरखर असेल तर आधी मोबाइलचा स्वस्त चार्जर काढून पाहावा. डॅशकॅम आणि बाजारू एलईडी दिवेही २७ मेगाहर्ट्झवर बराच कचरा टाकतात.

परवाना कसा मिळतो?

हॅमसाठी किमान वय १२ वर्षे. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' संकेतस्थळावर करता येतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला फक्त लेखी परीक्षा असते, जनरल श्रेणीला मोर्स संकेतांचीही. विदर्भातील उमेदवारांना नागपूरचे वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन जवळचे. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो, त्यामुळे गाडीतून वापरण्याबाबतची अट आपल्या परवान्यात पाहून मगच संच बसवावा. परीक्षेची तयारी करावी, परवाना हातात पडू द्यावा आणि त्यानंतर खरेदी करावी. बरेच जण नेमके उलटे करतात.

ज्याला परीक्षा द्यायची नाही आणि ताफाही लहान आहे, त्याला सीबीहून सोपा पर्याय ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या मान्यताप्राप्त हँडसेटचा आहे. तेही परवानामुक्त आहेत. ताकद कमी, पण यात्रेच्या पार्किंगपासून मंदिरापर्यंत पुरते. ज्याच्याकडे हॅमचा परवाना आहे आणि पालखीच्या ताफ्यातही जायचे आहे, त्याने टू मीटरचा हॅम संच आणि छोटा सीबी असे दोन वेगळे डबे घ्यावेत. वीज एका ठिकाणाहून, अँटेना मात्र दोन.

चालकाच्या हातात माइक

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातातले संपर्क उपकरण वापरणे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. रेडिओचा माइक त्यातून सुटतो असे धरून चालू नये. संच शेजारच्या आसनाकडे वळवून बसवावा आणि बोलण्याचे काम सोबतच्या माणसाकडे द्यावे. एकटे असाल तर गाडी बाजूला घ्यावी. समृद्धीवर ती सोयही ठरलेल्या जागीच आहे, आणि अपघात झालाच तर पहिला प्रयत्न रेडिओचा नव्हे, ११२ चा.