सांधा पक्का हवा, तर माप चोख हवे

भिवंडीच्या टेमघर परिसरात यंत्रमाग, गोदामे आणि दुकाने यांच्या सान्निध्यात वाढलेल्या कुटुंबांना वस्तूचे मोल ठाऊक असते. चिनीमातीच्या कपाचा कान तुटला किंवा काचपेटीची पितळी मूठ निखळली, म्हणून वस्तू टाकून देणे व्यापारी मनाला रुचत नाही. अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानातून दोन ट्यूबांचे इपॉक्सी आणले जाते. सांधा पुन्हा सुटला, की दोष मालाला दिला जातो. पुष्कळदा चूक असते ती मापाची आणि घाईची.

पूर्वी सुतार सरस वापरत. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांत तो नकोसा वाटे. इपॉक्सीचा पाया मुख्यतः खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचा आहे. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने १९४६ साली ‘अरल्डाइट’ या नावाने ते बाजारात आणले. भारतातील हा व्यवसाय २०२० मध्ये पिडिलाइटकडे आला.

निवड करताना आधी सांधा पाहावा. दोन कडा तंतोतंत जुळत असतील व भार नसेल, तर एका थेंबाचा झटपट गोंद पुरतो. मध्ये फट असेल, किंवा धातू, दगड, लाकूड, चिनीमाती एकमेकांस जोडायची असेल, तर इपॉक्सीच योग्य. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार सोयीचा खरा, पण उष्णता आणि ओल यांपुढे सावकाश वाळणारा प्रकार सहसा अधिक टिकतो. बादली किंवा डबा यांच्या गुळगुळीत पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनवर मात्र दोन्ही धरत नाहीत.

एका ट्यूबमध्ये राळ, दुसरीत हार्डनर असते. हार्डनर जास्त घातले, तर सांधा लवकर व अधिक घट्ट होतो, हा समज चुकीचा आहे. दोहोंचे रेणू एकमेकांशी बांधले जातात. एक जास्त झाला, तर तेवढा भाग न बांधता उरतो आणि सांधा मऊ किंवा ठिसूळ राहतो. जमा आणि नावे जुळल्याखेरीज जसा ताळेबंद बसत नाही, तसेच हे. पाकिटावरील प्रमाण, बहुधा समान, काटेकोर पाळावे.

जोडावयाच्या जागेवरील तेल, धूळ व जुना गोंद काढून पॉलिशपेपरने ती किंचित खरबरीत करावी व पूर्ण कोरडी होऊ द्यावी. पावसाळ्यात हे विशेष जपावे. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. लागेल तेवढेच मिश्रण दोन मिनिटे घोटावे. मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर आळतो. पातळ थर लावून वस्तू सुतळीने किंवा चिकटपट्टीने हलणार नाही अशी धरावी. सावकाश वाळणाऱ्या प्रकाराला चोवीस तास हात लावू नये.

काही ठिकाणी मात्र इपॉक्सी वापरूच नये. शिडी, हेल्मेट, कुकरची मूठ, गॅसची जोडणी यांत सांधा निसटला, तर किंमत माणसाला मोजावी लागते. ज्या भांड्यात अन्न वा पेय ठेवायचे त्याच्या आतील बाजूसही ते लावू नये. दुकानातील जोडलेली वस्तू विकायची झाली, तर ती जोडलेली आहे, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. सांधा डोळ्यांना दिसला नाही, तरी व्यवहारात तो लपवू नये.